पितळी मूठ, नाक असलेली

आमच्या देवाला नाक बसवून घ्यायची कल्पना माझी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्यावर काही लपवल्याचा आळ घेणार नाही. घरात हा विषय अधूनमधून निघतो, आणि निघाला की सगळे आधी माझ्याकडे बघतात.

आमचा देव पितळेचा, मुठीत मावेल एवढा. स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीपासून हातभर अंतरावर त्याचा लाकडी देव्हारा आहे. आई रोज सकाळी त्याला आंघोळ घालते, लिंबाच्या फोडीने घासते, पुसते आणि परत जागेवर बसवते. आईच्या आधी हे काम आजीकडे होतं, आजीच्या आधी तिच्या सासूकडे. आमच्या घरातल्या बायका स्वच्छतेच्या बाबतीत कमालीच्या कडक. इतक्या पिढ्यांच्या घासण्यापुढे कुठलाही देव टिकला नसता. नाक, डोळे, तोंड, मुकुट असेल तर मुकुट, सगळं केव्हाच निघून गेलं होतं. गुडघा वाटावा असा एक उंचवटा, वर केलेला एक हात आणि त्या हातात एक गोळा, एवढंच काय ते उरलं होतं. त्यात काही कमी आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. घरातल्या माणसांचे चेहरे तरी रोज कोण निरखून बघतं.

कमी आहे हे लक्षात आणून दिलं माझ्या मेहुण्याने. मेहुण्याने नुकतंच नवीन घर घेतलंय. त्याच्या देवघरात बटण दाबलं की देवांच्या मागे निळा प्रकाश पडतो. तो आमच्याकडे चहाला आला, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला आणि हातात आमचा देव घेऊनच बाहेर आला.

"भावोजी, ही कुठल्या कपाटाची मूठ? माझ्याकडे अशीच एक निघालीये."

"आत ठेव तो," माझी बायको म्हणाली. "देव आहे तो."

"कोणता?"

"देव," ती म्हणाली आणि कपबशा उचलून आत गेली.

मेहुणा यापूर्वी माझ्या पगाराबद्दल बोलला होता, माझ्या स्कूटरबद्दल बोलला होता, माझ्या विरळ होत चाललेल्या केसांबद्दल तर माझ्यासमोरच बोलला होता. ते सगळं मी गिळलं होतं. पण देवाला मूठ म्हणणं मला लागलं. तो गेल्यावर मी देव हातात घेऊन खिडकीशी उजेडात धरला, आणि खरं सांगायचं तर मलाही क्षणभर कपाट दिसलं.

आई तेव्हा घरात नव्हती. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून ती ताईकडे गेली होती. आई सहसा घर सोडून कुठे राहत नाही, आणि त्याचं कारण देव. निघताना पिशवी खांद्याला लावून ती मला म्हणाली होती, "रोज पाणी घाल त्याला. घासू नकोस, तुला जमायचं नाही. आणि कुठे हलवू नकोस." पाणी मी रोज घालत होतो. घासणं टाळलं होतं. तीनपैकी दोन गोष्टी मी नेमाने पाळल्या, याची पुढे कुणी दखल घेतली नाही.

माझा बेत साधा होता. आई यायच्या आत देवाला चेहरा करून आणायचा. आई देव्हाऱ्यात बघेल, तिचे डोळे भरून येतील आणि ती मला काहीतरी म्हणेल. काय म्हणेल तेही मी मनात ठरवून ठेवलं होतं.

शेजारच्या हेडसरांना मी सहज म्हणून सांगितलं. हेडसर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सहज असं काही सांगता येत नाही. त्यांनी आधी, भंगलेल्या मूर्तीची पूजा करू नये, असं मला बजावलं. मी घाबरलो. मग त्यांनी, ही मूर्ती भंगलेली नसून झिजलेली आहे, तेव्हा चालेल, असं ठरवलं. मग ते फुटपट्टी घेऊन आमच्याकडे आले, देवाची उंची मोजली आणि नाक चेहऱ्याच्या एक तृतीयांशाहून मोठं होता कामा नये असं सांगून गेले. चेहरा कुठून कुठपर्यंत धरायचा ते मात्र आम्हा दोघांनाही ठरवता आलं नाही.

मूर्तिकाराचं दुकान बाजारामागच्या गल्लीत होतं. आत शाळांच्या बक्षिसांचे चषक, बागेत ठेवायचे हरिण आणि कुणाकुणाचे अर्धपुतळे दाटीवाटीने उभे होते. त्यांच्या मध्ये एका भट्टीसमोर मूर्तिकार बसला होता. त्याने देव हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, "कोण हा?"

"बाळकृष्ण," मी म्हणालो. "हातात लोण्याचा गोळा आहे बघा."

"मला तर हा चेंडू वाटतो. तुम्ही नक्की करून सांगा. मी चेहरा काढायचा आणि मग तुम्ही म्हणायचं भलताच निघाला, हे मला चालत नाही. मागे एकदा झालंय."

आता, बाळकृष्णाबद्दल मला लहानपणापासून खात्री होती. लहानपणी मी बराच खोडकर होतो, आणि आमच्या घरात त्या बाबतीत माझ्या बाजूने एकच जण आहे अशी माझी समजूत होती. पण मूर्तिकाराने तोंडावर विचारल्यावर खात्री डळमळली. आईला विचारणं शक्य नव्हतं, बेत फुटला असता. म्हणून मी काकांना फोन केला.

"मारुती," काका म्हणाले. "हातात डोंगर दिसत नाही का तुला? मी रोज त्याच्यासमोर दंड काढायचो. बाळकृष्णासमोर कोण दंड काढेल?"

मग मी आत्याला फोन केला. "देवी आहे रे ती," ती म्हणाली. "हातात कमळ आहे. माझं लग्न जमत नव्हतं तेव्हा मी तिच्यासमोर बसून किती रडलेय. मारुतीसमोर बसून रडले असते का मी? मारुतीला लग्नातलं काय कळतं?"

म्हणजे एकाच घरात, एकाच देव्हाऱ्यासमोर, आमच्या माणसांनी वर्षानुवर्षं वेगवेगळ्या देवांची पूजा केली होती आणि कुणालाही पत्ता नव्हता. शिवाय प्रत्येकाचं कामही झालं होतं. काकांची छाती अजून रुंद आहे, आत्याचं लग्न जमलं, आणि मी बऱ्याच वेळा मार चुकवला. ते काम नेमकं कुणी केलं, याचा विचार करत मी मूर्तिकाराकडे परत गेलो आणि अजून नक्की होत नाहीये असं त्याला सांगितलं.

"मग नाक करून ठेवतो," तो म्हणाला. "नाक सगळ्यांनाच असतं. डोळ्यांचं नंतर बघू."

मला हे पटलं. आजही मला त्यात तत्त्वतः चूक दिसत नाही.

पुढे एका संध्याकाळी ऑफिसातून येताना मी नाक बघायला गेलो. नाक झालं होतं. चांगलं ठसठशीत, शेंड्याला किंचित बाक असलेलं. कुठेतरी पाहिलेलं वाटलं म्हणून मी आजूबाजूला बघितलं, तर सगळ्या अर्धपुतळ्यांना तेच नाक होतं. हरणालाही बऱ्यापैकी तेच होतं. मग मी मूर्तिकाराकडे बघितलं आणि उलगडा झाला. आमचा देव आता मूर्तिकाराच्या घरातला वाटत होता.

"कसं वाटतंय?" त्याने विचारलं.

"उठून दिसतंय," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. बाकीचा चेहरा कोरा असल्यामुळे नाकाशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं. पॉलिश उद्या होईल, उद्या घेऊन जा, असं तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गेलो तर दुकानाचं शटर बंद. त्यावर नगरपालिकेचं कुलूप, कुलपावर लाखेचं सील, आणि निवासी भागात विनापरवाना भट्टी चालवल्याबद्दलची नोटीस. मूर्तिकार समोरच्या पायरीवर बसून चहा पीत होता. गल्लीतल्या लोकांनी धुराची तक्रार केली होती.

"देव आत आहे?" मी विचारलं.

"आत आहे. एकदम सुखरूप आहे. सील लागलंय, आता चोराचीसुद्धा भीती नाही."

त्याच संध्याकाळी नेहमीसारखा आईचा फोन आला. ताईचा गुडघा, ताईची सासू, ताईकडचा पाणचट चहा, सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "देव बरा आहे ना?"

"बरा आहे," मी म्हणालो. सुखरूप आहे असं म्हणायचं तोंडावर आलं होतं, पण आवरलं. फोन ठेवल्यावर मात्र मला खरोखर भीती वाटली. आईने आयुष्यात माझ्यावर विश्वासाने सोपवलेलं असं हे पहिलंच काम होतं. बायकोने देव्हाऱ्यातल्या रिकाम्या जागेवर एक फूल ठेवलं. जागा अगदी मोकळी राहू नये म्हणून, असं तिने नंतर सांगितलं.

हेडसर रात्रीचं जेवण टाकून माझ्यासाठी अर्ज लिहायला बसले. 'महोदय, माझे आराध्य दैवत आपल्या कुलपात असून,' अशी त्याची सुरुवात होती. पुढे दैवताची महती, आमच्या घराण्याची महती आणि शेवटी हेडसरांच्या शाळेची थोडी महती होती. मी तो अर्ज खिशात घालून नगरपालिकेत गेलो. तिथे या खिडकीतून त्या खिडकीत, त्या खिडकीतून जिन्यात, आणि जिन्यातून पुन्हा पहिल्याच खिडकीत असं करत शेवटी जप्तीच्या वस्तूंचं खातं बघणाऱ्या एका मॅडमसमोर पोचलो. मॅडमनी अर्ज बाजूला ठेवला आणि दुकानातून उचलून आणलेल्या वस्तूंची यादी वाचायला घेतली. लोकांना त्यांच्या वस्तू मिळतील, पण ओळख पटवावी लागेल, कारण त्याच सकाळी कुणीतरी दुसऱ्याचा चषक नेला होता.

"यात देव नाही," मॅडम म्हणाल्या.

"असेल हो. पितळेचा, एवढासा."

त्यांनी बोट खाली नेलं. "पितळी मूठ, नाक असलेली, एक. ही का?"

मी म्हणालो, हो, हीच.

"मग मूठ माझी आहे असं लिहून द्या आणि घेऊन जा."

मी पेन उघडलं. मेहुणा डोळ्यासमोर आला. आजी आली, तिची न पाहिलेली सासूही आली. पेन बंद केलं आणि म्हणालो, "मूठ नाही ती. देव आहे."

ज्याला दोन ओळींत देव परत मिळत होता त्याने असा बाणेदारपणा का दाखवावा हे मला आजही सांगता येत नाही. मॅडमनी शांतपणे विचारलं, "कोणता?"

"बाळकृष्ण," मी म्हणालो. आवाज हवा तेवढा ठाम आला नाही.

मॅडमनी खणातून आणखी दोन कागद काढले. देव कुलपात अडकल्याचं हेडसरांनी त्यांच्या शिस्तीप्रमाणे ताईचं घर वगळून आमच्या सगळ्या नातेवाइकांना कळवलं होतं. त्यामुळे काका सकाळीच येऊन मारुती मागून गेले होते. आत्या पहिल्या बसने येऊन देवी मागून गेली होती.

"वस्तू एक आणि देव तीन," मॅडम म्हणाल्या. "आधी घरात मिटवा, मग या."

घरात मिटायच्या ऐवजी पेटलं. काका आणि आत्या आमच्याकडेच मुक्कामाला आले आणि जेवताना एकमेकांना मीठसुद्धा माझ्यामार्फत देऊ लागले. मेहुणा बातमी कळल्यावर निळ्या दिव्याचा एक तयार देव्हारा घेऊन आला. बायकोने तो दाराबाहेर चपलांशेजारी ठेवायला लावला. ती भावाशी असं वागलेली मी प्रथमच पाहिली, आणि या सबंध प्रकरणात मला मिळालेलं समाधान एवढंच.

आणि मग आई आली. न कळवता, ठरल्याच्या आधीच, पिशवी खांद्याला लावून. ताईकडे झोप लागत नाही म्हणाली. हातपाय धुतले, पदराला हात पुसले आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. आईला हल्ली कमी दिसतं. तिने न बघताच देव्हाऱ्यात हात घातला. तिच्या हाताला फूल लागलं. तो हात तिथेच, त्या रिकाम्या जागेवर फिरत राहिला, आणि ते बघवेना म्हणून मी मिठाच्या बरणीकडे बघू लागलो.

"कुठे गेलाय?" आईने विचारलं.

"ऑफिसात," मी म्हणालो.

"कुणाच्या?"

"नगरपालिकेच्या."

आईने थोडा विचार केला. "कधी सुटणार?"

मग मी सगळं सांगितलं. मूठ, नाक, भट्टी, सील. आई देव्हाऱ्याला पाठ टेकून ऐकत होती. मी ओरडा खायच्या तयारीत होतो. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "म्हणजे इतके दिवस आंघोळ नाही त्याला," आणि तशीच चपला घालायला गेली.

नगरपालिकेत आम्ही सगळेच गेलो. आई, काका, आत्या, मी, आणि साक्षीदार म्हणून हेडसर. मॅडमनी सामानाच्या खोलीतून वस्तू मागवली आणि कापडात गुंडाळलेली तशीच टेबलावर ठेवली. आईने कापडाखाली हात घातला.

"याच्या पाठीला खळगा आहे," ती मॅडमना म्हणाली. "उजव्या अंगाला. घासताना अंगठा तिथे टेकतो. तुमचा घालून बघा, बसायचा नाही."

मॅडमनी घालून बघितला. बसला नाही. आईने घातला, तो बरोबर आत बसला आणि तिथेच राहिला. एवढ्या वेळात आईच्या चेहऱ्यावरचा ताण तेव्हा पहिल्यांदा उतरला. मॅडम ते बघत होत्या. त्यांनी पेन उचललं.

"आजी, तुमचाच आहे, दिसतंय. पण मला इथे देव लिहायचा तर कोणता ते लिहावं लागेल. हे म्हणतात बाळकृष्ण, हे मारुती, त्या देवी. तुम्ही सांगा."

काकांनी छाती पुढे केली. आत्याने डोळे मिटले. मी आईच्या नजरेत येईन असा सरकलो.

"मला नाही माहीत बाई," आई म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी हातात दिला. म्हणाल्या, हा आता तुझ्याकडे. कोण म्हणून विचारलं असतं तर एवढंही कळत नाही का म्हणाल्या असत्या. मग ही मुलं झाली, राहूनच गेलं. आता विचारायला कोणी उरलं नाही."

"मग तुम्ही त्याला हाक कशी मारता?"

"अहो म्हणते," आई म्हणाली. "याच्या वडिलांनाही तेच म्हणायचे. दोघांनाही कळायचं कुणाला म्हणतेय ते."

हेडसरांना काहीतरी सुचलं होतं, पण त्यांनी फक्त रुमाल काढला. मॅडमनी मूठ हा शब्द खोडला, वर 'घरचा देव' असं लिहिलं आणि कागद आईकडे सरकवला.

बाहेर जिन्यात आत्याने देव मागून घेतला, जरा वेळ छातीशी धरला आणि देवीच आहे असं हळूच म्हणाली. मग काकांनी घेतला. डोंगरच आहे, असं ते म्हणाले. आई दोघांनाही म्हणाली, "असू दे," आणि देव परत घेऊन पदरात गुंडाळला. घरी जाईपर्यंत तिने तो दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मोरीपाशी बसली होती. लिंबाची फोड, तांब्या, पितळेवर पाणी पडल्याचा आवाज. मी मुद्दाम चहा घेऊन जवळ उभा राहिलो. आईचा अंगठा पाठीवरून फिरला, खांद्यावरून वर गेला, आणि थांबला.

"हे काय आहे?"

"नाक."

"कुणाचं?"

"मूर्तिकाराचं," मी म्हणालो. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "त्याचं दुकान उघडलं की काढून आणतो."

"नको. त्याला आता कुठेही नेऊ नकोस." तिने नाकावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. "झिजेल."

"कधी?"

"माझ्या हातून होईल तेवढं मी झिजवेन," आई म्हणाली. "पुढचं तू." मग मान वर करून तिने माझ्या दिशेने बघितलं. "हात धुतलेस?"

मी कप खाली ठेवला आणि हात धुतले. आईने देव माझ्या तळहातावर ठेवला, दुसऱ्या हातात लिंबाची फोड दिली. माझा अंगठा खळग्यात बसेना, पाण्याने देव सारखा निसटत होता, आणि मला नीट दिसतही नव्हतं. मी घासू लागलो.

"नाकावर जरा जोर दे," आई म्हणाली.